नाकतोड्याचे निदान

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून चार ओळींची बातमी येते. अमुक बेटावर किंवा तमुक जंगलात कीटकाची नवी प्रजाती सापडली, तिला अमक्याचे नाव देण्यात आले. शेजारी एक छायाचित्र असते. वाचक ते पाहतो आणि पान उलटतो. आणखी एका नाकतोड्याला लॅटिन नाव मिळाले तर सामान्य माणसाच्या आयुष्यात काय फरक पडतो, हा प्रश्न त्याच्या मनात येत असेल तर तो चुकीचा नाही. जगात दवाखाने अपुरे आहेत, औषधे महाग आहेत आणि कुणी तरी वर्षानुवर्षे नाकतोड्यांच्या पायांवरचे काटे मोजत बसले आहे, हे चित्र पहिल्या नजरेला विसंगतच वाटते.

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर हिंदी महासागरातल्या मादागास्कर बेटावर मिळते. क्षेत्रफळाने हे जगातले चौथ्या क्रमांकाचे बेट. नाकतोड्यांच्या नव्या प्रजाती जिथे आजही सापडतात त्या प्रदेशांपैकी हा एक. आणि नाकतोड्याचाच भाऊबंद असलेला टोळ जिथे लाखो लोकांच्या तोंडचा घास हिरावून घेतो, असाही हाच प्रदेश.

अर्धा देश टोळांच्या तावडीत

मादागास्करमध्ये २०१२ मध्ये टोळांची संख्या झपाट्याने वाढू लागली. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सरकारने टोळधाड ही राष्ट्रीय आपत्ती म्हणून जाहीर केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये हरुना चक्रीवादळ बेटाच्या नैऋत्य भागावर आदळले. पिके बुडालीच, शिवाय ओलावलेली जमीन टोळांना अंडी घालण्यासाठी सोयीची झाली. पुढच्याच महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इशारा दिला की देशाचा जवळपास अर्धा भाग टोळांनी व्यापला आहे आणि १ कोटी ३० लाख लोकांची अन्नसुरक्षा धोक्यात आहे. भात हे तिथले मुख्य अन्न, आणि भाताच्या शेतांवरच संकट आले होते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मदतीने तीन वर्षांचा नियंत्रण कार्यक्रम हाती घ्यावा लागला. हेलिकॉप्टरने पाहणी आणि फवारणी झाली. २०१६ मध्ये धाड आटोक्यात आली.

मादागास्करच्या भाषेत नाकतोडा आणि टोळ या दोघांनाही ‘व्हलाला’ हाच शब्द आहे. बेटावर नाकतोड्यांच्या शेकडो प्रजाती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य जगात अन्यत्र कुठेही आढळत नाहीत. या सगळ्या गोतावळ्यात मोठी धाड घालणारे दोनच आहेत. एक स्थलांतरी टोळ, लोकस्टा मायग्रेटोरिया. दुसरा तांबडा टोळ, नोमॅडॅक्रिस सेप्टेमफॅसिआटा. बाकीचे जंगलात, गवतात, खडकांवर, शेवाळावर आपापले जगत असतात. त्यांतल्या बहुतेकांमुळे शेतीचे मोठे नुकसान होत नाही.

दवाखान्यात ताप घेऊन आलेल्या रुग्णासारखीच ही स्थिती आहे. ताप हा शब्द सगळ्यांना लागू पडतो, पण त्यामागे हिवताप आहे, डेंग्यू आहे की साधा विषाणू, हे ठरल्याशिवाय औषध सुरू करणे धोक्याचे असते. ‘व्हलाला आले’ ही झाली तक्रार. कोणते आले, हे झाले निदान. आणि निदान करायचे तर आधी कुणी तरी त्या शेकडो प्रजाती वेगवेगळ्या करून, त्यांची लक्षणे लिहून ठेवलेली असावी लागतात.

नवी प्रजाती ठरते कशी?

नवी प्रजाती ‘सापडते’ असे म्हटले जाते, पण प्रत्यक्षात ती सिद्ध करावी लागते. जंगलात एखादा अनोळखी नाकतोडा दिसला म्हणून काम होत नाही. त्याच्या जवळच्या सगळ्या ज्ञात प्रजातींशी त्याची तुलना करावी लागते. छातीवरच्या कवचाचा आकार, मिशांच्या सांध्यांची संख्या, मागच्या मांडीवरच्या कडा, पंखांची लांबी आणि विशेषतः नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली जाते. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन प्रजातींमध्ये जननेंद्रियांची रचना वेगळी असू शकते. जे नाकतोडे आवाज करतात, त्यांचा आवाजही नोंदवला जातो, कारण मादी त्या आवाजावरूनच आपल्या प्रजातीचा नर ओळखते.

मग वर्णन लिहिले जाते, चित्रे आणि छायाचित्रे जोडली जातात आणि एक नमुना निवडला जातो. त्याला होलोटाइप म्हणतात. तो संग्रहालयात कायमचा जपला जातो. पुढे पन्नास किंवा दीडशे वर्षांनी कुणाला शंका आली, तर त्या एका नमुन्याकडे परत जाऊन खातरजमा करता येते. नाव दोन शब्दांचे असते. पहिला शब्द आडनावासारखा, जवळच्या नातेवाइकांना सामाईक. दुसरा त्या प्रजातीचा स्वतःचा. ही पद्धत लिनियसची, आणि प्राण्यांच्या नावांची अधिकृत सुरुवात त्याच्या १७५८ च्या ग्रंथापासून धरली जाते. स्थलांतरी टोळाचे नावही त्याच ग्रंथातले.

मादागास्करमधले एक अलीकडचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथे बुटक्या नाकतोड्यांचा एक गट आहे. टेट्रिजिडी हे त्यांचे कुळ. हे बहुधा शेवाळ आणि कुजका पालापाचोळा खाऊन जगतात, शेतीशी त्यांचा संबंध नाही. त्यांतल्या काहींच्या पाठीवर उंच, काटेरी कवच असते, त्यामुळे अभ्यासकांनी त्यांना गमतीने ‘सैतान’ म्हटले आहे. यातली होलोसेरस ल्युसिफर ही प्रजाती १८३८ पासून ज्ञात होती. २०२० मध्ये क्रोएशियाचे योसिप स्केयो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच गटातली होलोसेरस डेव्हरीसी ही दुसरी प्रजाती ‘झूकीज’ या नियतकालिकात मांडली. या कामात हौशी निरीक्षकांनी आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकलेल्या छायाचित्रांचीही मदत झाली. लेखाच्या शीर्षकात एक प्रजाती उत्तरेत आणि दुसरी दक्षिणेत असे म्हटले आहे, पण शेवटी प्रश्नचिन्ह आहे. हाताशी असलेल्या पुराव्यावर इतकेच म्हणता येते, पुढचे तपासा, असा त्याचा अर्थ. चांगला डॉक्टरही रुग्णाच्या कागदावर कधी कधी निदानापुढे प्रश्नचिन्ह लिहितो आणि पुढच्या तपासण्या सुचवतो. त्यात कमीपणा नसतो.

वर्गीकरणाने बदललेली टोळांची गोष्ट

नाव देण्याच्या कामाचा व्यवहारात काय उपयोग, याचे सर्वांत मोठे उदाहरण टोळांच्याच इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कीटकशास्त्रज्ञ दोन वेगळ्या प्रजाती मानत होते. लोकस्टा मायग्रेटोरिया ही थव्याने उडणारी, काळपट-पिवळसर. लोकस्टा डॅनिका ही एकटी राहणारी, बहुधा हिरवी. टोळधाड ओसरली की पहिली प्रजाती नाहीशी होई. ती जाते कुठे आणि काही वर्षांनी अचानक येते कुठून, हे कोडे होते.

बोरिस उवारोव्ह या रशियात जन्मलेल्या आणि पुढे लंडनमध्ये काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये या गटाचे वर्गीकरण नव्याने तपासले. त्याने दाखवून दिले की या दोन प्रजाती नाहीतच. एकाच प्रजातीची ही दोन रूपे आहेत. गर्दी नसली की टोळ एकटा, लाजरा, हिरवा राहतो. पावसाने गवत वाढले, पिल्ले जगली, मग गवत आटून ती थोड्या जागेत दाटीने राहू लागली, की त्यांचे वागणे बदलते. पाठोपाठ रंग आणि शरीराची ठेवणही बदलते आणि थवे तयार होतात.

वरवर पाहता हा संग्रहालयातला वाद होता. परिणाम मात्र थेट शेतापर्यंत गेला. टोळ कुठून तरी बाहेरून येतो असे मानले तर तो आल्यावर लढायचे. तो आपल्याच गवताळ प्रदेशात एकटा राहून वाट पाहत असतो हे कळले, तर त्या प्रदेशावर वर्षभर लक्ष ठेवता येते आणि थवा बनण्याआधीच बंदोबस्त करता येतो. आज जगभर टोळनियंत्रणाचा जो प्रतिबंधक मार्ग वापरला जातो, त्याचा पाया या वर्गीकरणात आहे.

पुढे या बदलामागचे शरीरशास्त्रही उलगडले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात वाळवंटी टोळावर प्रयोग झाले. दाटीत मागच्या पायांना वारंवार स्पर्श होत राहिला की टोळाच्या मज्जासंस्थेतले सेरोटोनिन वाढते आणि दोन तासांच्या आत एकलकोंडा टोळ इतरांकडे ओढला जाऊ लागतो. हे तेच सेरोटोनिन, ज्याचा संबंध माणसात मनःस्थितीशी, झोपेशी आणि नैराश्यावरच्या औषधांशी येतो. पण हे संशोधन होऊ शकले ते आधी कुणी तरी ‘हे दोन नाहीत, एकच आहे’ असे ठरवले म्हणून.

डासांनी शिकवलेला धडा

वैद्यकात याच्या उलट गोष्ट घडली. आफ्रिकेत अॅनोफिलिस गॅम्बी हा हिवतापाचा मुख्य डास. दीर्घकाळ ती एकच प्रजाती समजली जात होती. १९६० च्या दशकात संकराच्या प्रयोगांतून लक्षात आले की डोळ्यांना एकसारखे दिसणारे हे डास प्रत्यक्षात अनेक प्रजातींचे आहेत. काही माणसाला घरात शिरून चावतात, काही गुराढोरांकडे वळतात, तर काही हिवताप जवळजवळ पसरवतच नाहीत. मादागास्करमध्ये या गटातल्या तीन प्रजाती आढळतात आणि त्यांच्या सवयी सारख्या नाहीत. घराच्या भिंतींवर फवारणी करून घरात विसावणारा डास मरतो. बाहेर चावून बाहेरच बसणाऱ्यावर तिचा परिणाम कमी होतो.

भारतात ग्रामीण हिवतापाचा मोठा वाहक असलेला अॅनोफिलिस क्युलिसिफेसिस हाही एक नसून पाच प्रजातींचा समूह असल्याचे १९८० पासूनच्या संशोधनातून पुढे आले. त्यांना ए, बी, सी, डी आणि ई अशी अक्षरे दिली गेली. यातली बी ही हिवताप पसरवण्यात अगदीच कमजोर आहे. एखाद्या गावात डास भरपूर आणि हिवताप नगण्य, हे कोडे त्यामुळे सुटू शकले. अशा गावात केवळ डासांची संख्या पाहून फवारणी केली, तर पैसा जातो, विष पसरते आणि रोग जिथे आहे तिथे औषध पोचत नाही.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. एकाच प्रजातीला दोन समजले तर धाडीचे मूळ सापडत नाही. अनेक प्रजातींना एक समजले तर बाण भलत्याच ठिकाणी लागतो. दोन्ही वेळा किंमत माणसे मोजतात.

डीएनए आहे ना, मग सूक्ष्मदर्शक कशाला?

आता जनुकीय चाचण्या स्वस्त झाल्या आहेत. कीटकाच्या पायाचा एक तुकडा घेऊन सुमारे साडेसहाशे अक्षरांचा एक ठरावीक जनुकीय भाग वाचायचा आणि तो नोंदवहीशी ताडून पाहायचा, या पद्धतीला डीएनए बारकोडिंग म्हणतात. दुकानातल्या बारकोडसारखेच हे काम. २००३ पासून ही पद्धत जगभर पसरली आणि तिचा उपयोग मोठा आहे. पिल्लू आणि प्रौढ, नर आणि मादी एकाच प्रजातीचे आहेत का, हे तिने पटकन कळते.

पण नाकतोड्यांनीच या पद्धतीची मर्यादा दाखवून दिली. वाचला जाणारा हा भाग पेशीतल्या मायटोकाँड्रियातला असतो. नाकतोड्यांच्या अनेक प्रजातींमध्ये त्या भागाच्या जुन्या, निकामी नकला पेशीच्या केंद्रकातही शिरलेल्या असतात. चाचणीत चुकून ती नक्कल वाचली गेली, तर एकाच प्रजातीतून अनेक ‘नव्या प्रजाती’ निघाल्याचा भास होतो. २००८ मध्ये होजुन साँग आणि सहकाऱ्यांनी हे नाकतोड्यांवरच दाखवून दिले.

यातून डीएनए चाचणी टाकाऊ ठरत नाही. रक्ताचा अहवाल हातात आला तरी रुग्णाला तपासावे लागते, तसेच हे आहे. दोन्ही एकत्र वाचले तर निदान पक्के होते. २०१२ मध्ये स्थलांतरी टोळाच्या जगभरातल्या नमुन्यांची मायटोकाँड्रियातील संपूर्ण जनुकीय माहिती तपासली गेली. त्यात या टोळाच्या मुख्य दोनच शाखा निघाल्या, एक उत्तरेकडची आणि एक दक्षिणेकडची. मादागास्करचा टोळ भारतातल्या टोळासह दक्षिणेकडच्या शाखेत येतो. तोवर वेगवेगळ्या प्रदेशांतल्या टोळांना डझनाच्या घरात उपप्रजातींची नावे दिलेली होती. मादागास्करच्या टोळालाही ‘कॅपिटो’ असे स्वतंत्र नाव होते. ती नावे ठेवायची की नाही, यावर त्यामुळे नव्याने विचार करावा लागला. जगात सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या टोळाची ही स्थिती असेल, तर जंगलातल्या अनाम नाकतोड्यांची काय असेल, याची कल्पना करता येते.

औषधाचे दुष्परिणाम

फवारणी ही उपचारासारखीच असते. गरजेची, पण दुष्परिणाम असणारी. मादागास्करमध्ये १९९७ ते २००० या काळातल्या टोळधाडीत फिप्रोनिल हे कीटकनाशक वापरले गेले. त्याच्या परिणामांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. फवारलेल्या भागात वाळवी मोठ्या प्रमाणावर मेली. वाळवी हे सरड्यांचे आणि टेन्रेक नावाच्या छोट्या सस्तन प्राण्याचे खाद्य. तेही घटले. टोळ मारायला निघालेल्या औषधाचा परिणाम अन्नसाखळीत पुढे पोचला होता.

२०१३ नंतरच्या मोहिमेत क्लोरपायरिफॉस हे सेंद्रिय फॉस्फरस गटातले कीटकनाशकही वापरले गेले. या गटातल्या विषबाधेचे रुग्ण महाराष्ट्रातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात नवे नाहीत. बारीक झालेल्या बाहुल्या, तोंडातून लाळ, मंदावलेली नाडी, आणि अॅट्रोपिनची इंजेक्शने घेऊन रात्र जागवणारे डॉक्टर, हे दृश्य शेतीप्रधान जिल्ह्यांत नेहमीचे आहे. मादागास्करमध्ये यात आणखी एक गुंतागुंत आहे. तिथे टोळ खाल्ले जातात. धाड आली की गरीब घरांना तेवढेच प्रथिन मिळते. फवारलेले टोळ खाऊ नका, हे गावोगाव सांगावे लागते आणि भुकेल्या माणसाला ते पटवणे सोपे नसते.

खाण्यातही ओळख चुकली तर धोका असतो. मादागास्करमध्ये फायमॅटियस सॅक्सोसस नावाचा रंगीबेरंगी, मोठा नाकतोडा आहे. तो चिकाच्या विषारी झाडांवर जगतो. त्याच्या कुळातले अनेक नाकतोडे अशा झाडांतली, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये अंगात साठवतात. डिजॉक्सिन या हृदयरोगाच्या औषधाची ही भावंडे. भडक रंग हा ‘मला खाऊ नका’ असा इशाराच असतो. महाराष्ट्रात रुईच्या झाडावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा जो नाकतोडा दिसतो, तो याच कुळातला.

सुदैवाने अधिक नेमके औषधही उपलब्ध आहे. मेटारायझियम अॅक्रिडम ही बुरशी टोळ आणि नाकतोड्यांनाच लागते. मधमाश्या, पक्षी, माणसे यांना तिचा त्रास होत नाही. परिणाम दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, म्हणून धाड शेतात उतरल्यावर ती अपुरी पडते. वेळेआधी, विशेषतः पर्यावरणदृष्ट्या नाजूक भागात, तिचा उपयोग होतो. या बुरशीलाही स्वतंत्र प्रजातीचा दर्जा मिळाला तो २००९ च्या वर्गीकरणात. मात्र एक अडचण उरते. ही बुरशी टोळ आणि निरुपद्रवी नाकतोडा यांत फरक करत नाही. जिथे एखादी दुर्मीळ, एकाच डोंगरापुरती उरलेली प्रजाती राहते, तिथे ती वापरायची का, हे ठरवायला तिथे कोण राहते ते ठाऊक असावे लागते.

कीटकांवर उपाय करण्याच्या घाईची जुनी गोष्ट शेजारच्याच मॉरिशसवर घडली आहे. तिथे १७६२ मध्ये तांबड्या टोळाचा बंदोबस्त करण्यासाठी भारतातून साळुंक्या नेण्यात आल्या. एका देशातला जीव दुसऱ्या देशात कीडनियंत्रणासाठी नेल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. साळुंकीने टोळ खाल्ले हे खरे. पण पुढे ती अनेक बेटांवर पसरली आणि आज जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत तिचे नाव आहे.

जंगल तुटते तेव्हा

मादागास्करचे नैसर्गिक जंगल १९५३ ते २०१४ या काळात ४४ टक्क्यांनी घटले. याचा परिणाम दोन्ही गटांवर उलटसुलट होतो. जंगलातले अनेक नाकतोडे बिनपंखी किंवा आखूड पंखांचे असतात. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात ते जाऊ शकत नाहीत. म्हणूनच तिथे इतक्या वेगवेगळ्या प्रजाती घडल्या, आणि म्हणूनच एक खोरे उजाड झाले की एखादी प्रजाती पूर्णपणे संपू शकते. कित्येकदा नाव मिळण्याआधीच. टोळांचे उलट आहे. त्यांना मोकळे गवत हवे असते. तुटलेल्या जंगलाच्या जागी गवत येते आणि टोळांना नवी घरे मिळतात. निरुपद्रवी जीव नाहीसे होतात आणि उपद्रवी वाढतात.

डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल इथे जगातल्या देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि समुद्र संरक्षित करण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. कोणते ३० टक्के, हा त्यातला खरा प्रश्न आहे. माकडे आणि पक्षी पाहून सीमा आखता येतात, पण एका टेकडीपुरते राहणारे छोटे जीव त्यातून निसटतात. त्यांची यादी नसेल तर त्यांच्या बाजूने बोलणारा पुरावाही नसतो.

नाव देणार कोण?

मादागास्करच्या नाकतोड्यांवरचे मोठे काम १९६० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञांनी केले. मारियस देकाँ यांनी अनेक प्रजातींची वर्णने लिहिली, तर वँत्रबेर यांनी नैऋत्य भागात टोळांबरोबरच इतर नाकतोड्यांचीही ओळख आणि सवयी नोंदवल्या. बेटावरच्या कीटकांचे असे कित्येक मूळ नमुने आज पॅरिसच्या संग्रहालयात आहेत. अंतानानारिव्होमधल्या विद्यार्थ्याला आपल्याच डोंगरातला नाकतोडा नवा आहे की जुना, हे पक्के करायला दुसऱ्या खंडातल्या कपाटाकडे पाहावे लागते. नमुन्यांची बारकाईने काढलेली छायाचित्रे आता संगणकावर उपलब्ध होऊ लागली आहेत, ही अडचण त्यामुळे कमी होते आहे. पण पूर्ण संपलेली नाही.

दुसरी अडचण पैशाची. टोळधाड आली की मदत येते, हेलिकॉप्टर येतात, कीटकनाशके येतात. धाड ओसरली की निधी आटतो आणि पाहणी करणारी माणसे दुसरीकडे जातात. साथीच्या रोगांबाबतही नेमके हेच होते. साथ असताना खाटा वाढतात, साथ गेली की प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची जागा रिकामी राहते. ओळख पटवणारा माणूस शांततेच्या काळात घडतो. धाडीच्या वेळी त्याला घडवायला वेळ नसतो.

हा प्रश्न आपल्यालाही परका नाही. भारत आणि मादागास्कर हे सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत एकाच भूभागाचे भाग होते, ही झाली फार जुनी गोष्ट. अलीकडची आठवण मे २०२० ची आहे. वाळवंटी टोळांचे थवे मध्य प्रदेशातून विदर्भात उतरले. अमरावती, वर्धा, नागपूर या जिल्ह्यांत संत्र्याच्या बागा आणि भाजीपाला वाचवण्यासाठी रात्री फवारण्या कराव्या लागल्या. त्याच दिवसांत तमिळनाडूतल्या कृष्णगिरी जिल्ह्यात रुईच्या झाडांवर कीटकांचे घोळके दिसले आणि टोळ आल्याची घबराट पसरली. ते टोळ नसून स्थानिक नाकतोडे असल्याचे तज्ज्ञांनी पाहून सांगितले. ओळखणारी माणसे होती, म्हणून खरा कीटक कोणता हे स्पष्ट झाले.

कोकणात भातावर येणारे नाकतोडे, माळावरचे गवतातले नाकतोडे आणि सह्याद्रीच्या सड्यांवरचे नाकतोडे हे वेगवेगळे आहेत. शेतकऱ्याला त्यांतला फरक पुष्कळदा ठाऊक असतो, पण त्याची नोंद कुठे होत नाही. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था १९१६ पासून हे काम करते आणि पुण्यात तिचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. महाविद्यालयांतून मात्र वर्गीकरण हा विषय मागे पडला आहे, कारण त्यात नोकऱ्या थोड्या आणि कौतुक त्याहून थोडे.

करण्यासारखे बरेच आहे आणि ते फार खर्चिक नाही. कृषी सहायकाच्या हातात जिल्ह्यातल्या नाकतोड्यांची सचित्र मराठी पुस्तिका असावी. त्यात कोणता पिकाला धोक्याचा, कोणता निरुपद्रवी आणि कोणता विषारी हे स्पष्ट लिहिलेले असावे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी काढलेली छायाचित्रे ठिकाण आणि तारखेसह नोंदवली जावीत आणि ती तपासायला जाणकार माणूस नेमलेला असावा. संग्रहालयातले नमुने बुरशी आणि ओलाव्यापासून वाचवण्यासाठी नियमित तरतूद असावी. फवारणीचा आदेश निघण्याआधी कीटकाची ओळख लेखी नोंदवणे बंधनकारक असावे. शस्त्रक्रियेआधी रुग्णाचे नाव आणि कोणती बाजू हे पुन्हा एकदा तपासले जाते, तितकेच साधे हे काम आहे.

पुढच्या वेळी आतल्या पानावर नव्या नाकतोड्याची बातमी दिसली, तर त्यात दोन गोष्टी जरूर पाहाव्यात. त्याचा मूळ नमुना कुठे ठेवला आहे आणि तो जिथे सापडला ती जागा अजून शिल्लक आहे का. या दोन्हींची उत्तरे मिळाली, तर त्या चार ओळींच्या बातमीचा पुढे कुणाला तरी उपयोग होईल.